कावळा लगेच शिवला, दाद्या

कावळा लगेच शिवला. घोड नदीच्या काठावर भटजींनी पिंड ठेवून हात मागं घेतला न घेतला तोच तो बाभळीवरून उतरला, भाताच्या गोळ्यात चोच घातली आणि वरच्या दह्यालाही तोंड लावून गेला. माणसं नीट हात जोडून उभी राहायच्या आत सगळं आटोपलं. लोकांना केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. तुझे मामा म्हणाले, पोराचं काही मागं राहिलं नव्हतं, समाधानानं गेलं. बायकांनी डोळे पुसले. प्रवचनाचे महाराज लवकर येऊन बसले होते, तेही खूश झाले.

मी मात्र चिडले, आणि अजून चिडलेलीच आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. ज्यांनी हे म्हटलं त्यांना तुझ्यासारखा माणूस भेटला नसणार.

काही मागं राहिलं नव्हतं? 'कोपरा' गाण्याचं तिसरं कडवं राहिलं होतं. बिराचा ड्रम रेकॉर्ड झाला होता, खंडूचा बेस झाला होता, जोसेफनं तर गिटार तीनतीनदा वाजवून दिली होती. फक्त तुझ्या आवाजाची जागा रिकामी ठेवून सगळे बसले होते, आणि तू पुढच्या गॅपला, पुढच्या गॅपला करत राहिलास. माझ्याशी चाललेलं भांडण अर्ध्यावर राहिलं होतं. लोकांच्या घरी कावळा तासन् तास येत नाही. मग घरचे एकेक पुढं होतात, धाकटीचं लग्न लावून देऊ म्हणतात, बांधाचं भांडण मिटवू म्हणतात, तेव्हा कुठं तो खाली उतरतो. मी तयारी करून आले होते. कावळा अडला की पुढं व्हायचं आणि सगळ्यांदेखत सांगायचं की दाद्या, तुझं गाणं आम्ही पुरं करू. तू तेवढीसुद्धा संधी दिली नाहीस. जन्मात कुठं वेळेवर पोचला नाहीस, प्रॅक्टिसला नाही की कंपनीच्या बसला नाही, आणि इथं मात्र घाई.

आदल्या दिवशीच फाट्यावर तुझा फ्लेक्स लागला होता. वर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली शोकाकुल म्हणून पुढाऱ्यांचे रांगेनं हसरे चेहरे, आणि मध्ये तू. म्हणजे फेटा बांधलेला, कपाळाला गंध लावलेला, पांढऱ्या सदऱ्यातला एक गुळगुळीत माणूस. डाव्या डोळ्यावर येणारी झुलपं कापून टाकलेली. डोळ्यांतलं काजळ पुसलेलं. कुणाच्या तरी लग्नातल्या धडावर तुझं डोकं बसवलं होतं. मी स्कूटी थांबवून बघत राहिले. आधी हसू आलं आणि मग इतका संताप आला की फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापलेला दुकानाचा नंबर बघून तिथल्या तिथं फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मयताला फेटाच चांगला दिसतो. आम्ही सगळ्यांना त्योच टाकतो." म्हणजे गेल्या महिन्यात तो फेटा आणखी कुणाच्या तरी डोक्यावर होता.

आणि काजळ तर तुझ्या आईच्या डबीतलं. काकू तुझ्या केसांवरून बोलायच्या, उन्हाळ्यात काळे टीशर्ट घालतोस म्हणून बोलायच्या, पण काजळावरून कधी नाही. "घाल बाबा, दिष्ट तर लागायची न्हाई," म्हणायच्या. सगळ्या फोटोत आईनं लावून दिलेली तेवढीच एक गोष्ट होती, आणि त्या फ्लेक्सवाल्यानं नेमकी तीच पुसली.

नदीवर प्रवचनानंतर भाषणं झाली. तू मनमिळाऊ होतास, कष्टाळू होतास, धार्मिक वृत्तीचा होतास. पाटसकडून आलेल्या एका पाहुण्यांनी तुला दादासाहेब करून टाकलं. एकानं तुझ्या निमित्तानं फाट्यापासूनच्या रस्त्याचा विषय काढला आणि तो मार्गी लागत असल्याचं जाहीर केलं. मग निवेदकानं चिठ्ठी बघून सांगितलं की आता दादाभाऊंचे भजनी मंडळातले सहकारी दोन शब्द बोलतील. बँडचं 'मरतूक' हे नाव दहाव्याच्या माईकवर घ्यायला जीभ रेटली नसेल, ते मी समजू शकते. पण भजनी मंडळ?

जोसेफ आणि खंडू एकमेकांकडं बघायला लागले. बिरा उठला. त्यानं माईक हातात घेतला, तोंडाच्या फार जवळ नेला, तो किंचाळला तसा लांब धरला. "आमी भजनी मंडळ न्हाई," तो म्हणाला. "आमी वरडायचो. ह्यो लई चांगला वरडायचा." एवढं बोलून माईक ठेवला आणि चपला शोधत माणसांच्या मागं गेला. सगळ्या सकाळीत तुझ्याबद्दल खरं बोललेला तो एकटाच. लोकांनी मान खाली घातली आणि निवेदकानं घाईनं पुढचं नाव घेतलं.

मला तुमच्याबद्दल सांगावंसं वाटतं, दाद्या, कारण माझ्याशिवाय सांगणार कोण? मी तुमची चाहती. एकुलती एक नसले तरी पहिली आणि सगळ्यांत चिवट. लोकांना वाटायचं माझं तुझ्याशी काही आहे. माझ्या आईलाही वाटायचं. काही नव्हतं. मला तुमचं गाणं आवडायचं, आणि एखाद्या मुलीला चार पोरांचं नुसतं गाणं आवडू शकतं हे आपल्याकडं कुणाला पटत नाही.

रांजणगावला आपण एकाच कंपनीत, एकाच बसला. तू वेल्डिंगला, मी क्वालिटीत. शिरूरच्या बायपासला मी चढायचे तेव्हा तू मागच्या सीटवर कानात वायरी घालून खिडकीला डोकं टेकलेला असायचास. तुमचं ते इमो संगीत म्हणजे काय रे, असं मी विचारलं तेव्हा तू डोकं न उचलता म्हणालास, "रडायचं. पण मोठ्यानं." मी म्हटलं, आमच्या आत्या मयताला तेच करतात. तुला राग आला नाही. मग त्यांनापण प्रॅक्टिसला घेऊन ये, म्हणालास. मी एकटीच आले.

आप्पांच्या, म्हणजे तुझ्या चुलत्यांच्या, रिकाम्या पोल्ट्री शेडमध्ये पहिल्यांदा तुम्हाला ऐकलं. कोंबड्यांची एक बॅच गेलेली, दुसरी यायची होती. खालचं तूस उचलून नेलं होतं, भिंतींना चुना मारला होता, आणि तो वास नाकात घेऊन मी पालथ्या बादलीवर बसले. बिरा ड्रमसमोर उभा होता. घरात पिढ्यान् पिढ्या गजी ढोल, तो उभ्यानं आणि नाचत वाजवायचा, त्यामुळं बसून वाजवणं त्याला आजारी माणसाचं काम वाटायचं. स्टूल आणलं तर त्यावर तो टॉवेल ठेवायचा. त्याचे केस पाठीपर्यंत, पण गावात कधी कुणी हटकलं नाही, कारण सगळ्यांना वाटायचं देवाला सोडलेत. तू मात्र कपाळावर चार बटा आणल्यास तर पारावर चर्चा.

जोसेफ दौंडच्या रेल्वे कॉलनीतला. चर्चमध्ये गिटार शिकलेला, अत्यंत सभ्य. सूर लावता लावता अर्धी दुपार घालवायचा आणि चुकला तर गिटारला सॉरी म्हणायचा. नखांना काळं नेलपेंट, आणि रविवारी सकाळी चर्चला जायच्या आधी थिनरनं पुसलेलं. सोमवारी पुन्हा लावायचं. हे असं किती वर्षं चालणार, विचारलं तर म्हणायचा, देवाला माहितीय, फक्त मम्मीला नाही. आणि खंडू. तो पाबळला वायरिंग शिकलेला, जुन्या कूलरच्या पत्र्यात स्वतः अँप्लिफायर बसवलेला, दिवसभरात दोन शब्द बोलणारा. त्यातला एक 'चहा'. पण तुझा आवाज चिरकायला लागला की तो बेस किंचित वाढवायचा, तुला पाठीवर घेतल्यासारखा. तुला हे कधी कळलं होतं का? मला बादलीवरून दिसायचं.

आणि तू. बोलताना हाय-न्हाई आणि गाताना आहे-नाही. मी किती वेळा सांगितलं की बोलतोस तसं गा. तू म्हणायचास, गाणं इस्त्रीचं लागतं. पण ओरडायला लागलास की सगळी इस्त्री मोडायची आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

नाव काय ठेवावं त्याला तर काही धरबंधच नव्हता. मरतूक. रोज सकाळी बॅचमधली किती पिल्लं गेली ते आप्पा पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीच्या सुपरवायझरला सांगतात, त्या मोजणीचं नाव बँडला. काकू म्हणाल्या होत्या, आरं काहीतरी शुभ ठिव. तू म्हणालास, शुभ नावाचे सगळे बँड वरातीत वाजवतात.

ते नाव कुठून आलं हे लोकांना माहीत नाही. तेव्हा पिल्लं आत असली की तुम्ही शेडला लागून असलेल्या खाद्याच्या खोलीत वाजवायचात. शेडमध्ये आठवड्याभराची पिल्लं होती. दौंडला दुसऱ्या दिवशी तुमचा पहिलावहिला कार्यक्रम, आणि तू म्हणालास की एकच गाणं, हळू, ड्रमशिवाय. बिरानं खाद्याच्या पोत्यावर बोटं वाजवायची असं ठरलं. खंडूनं नवाकोरा अँप लावला, तू माईक हातात घेतलास, आणि अँपनं अशी शिट्टी मारली की माझे दात शिवशिवले. एकच क्षण. खंडूनं पिन ओढली. पण भिंतीपलीकडं सगळी पिल्लं लांबच्या कोपऱ्याकडं पळाली होती आणि एकावर एक चढत होती. आपण सगळे आत धावलो. दोन्ही हातांनी उपसून बाजूला काढत होतो आणि ती पुन्हा त्याच कोपऱ्यात शिरत होती. वरची जिवंत होती. खालची गुदमरून गेली होती. घमेली भरून बाहेर काढली.

आप्पा आले. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं म्हणाले, "भाईर." आणि मग तुला एकट्याला म्हणाले की रिकाम्या शेडात काय करायचं ते करा, पिल्लं आत असताना तुझा पाय दिसता कामा नये. लहानपणापासून तू त्या शेडमध्ये पाण्याची भांडी धूत वाढलेला. त्यानंतर पिल्लं आत असताना तू कधी उंबरा ओलांडला नाहीस. आप्पा नंतर विसरले असते. तूच विसरला नाहीस. दोन बॅचमधल्या गॅपमध्ये तेवढं गायचं आणि पिल्लांची गाडी यायच्या आत आवरून निघायचं, असं तुझं गाणं कोंबड्यांच्या वेळापत्रकावर चालू राहिलं.

आणि त्यातून तू 'कोपरा' लिहिलंस. भ्यालो म्हणून जवळ आलो, जवळ आलो म्हणून मेलो. पहिल्यांदा ऐकवलंस तेव्हा खंडूसुद्धा "भारी" म्हणाला. मी म्हणाले की ओळ जबरदस्त आहे आणि साफ खोटी आहे. पिल्लं जवळ आल्यानं मेली नाहीत, घाबरल्यानं मेली. थंडीत तीच पिल्लं एकमेकांना चिकटून जगतात, हे तुझ्याच आप्पांनी मला सांगितलंय. तू म्हणालास, तुला पोल्ट्रीतलं काय कळतंय. मी म्हणाले, पोल्ट्रीतलं नाही कळत, तुझ्यातलं कळतं. तिसऱ्या कडव्यात याला उत्तर दे, नाहीतर हे गाणं अर्धवट आहे.

त्यावरून आपण किती भांडलो. बसमध्ये, कँटीनच्या रांगेत, शिरूरच्या स्टँडसमोर उसाचा रस पिताना. तू ओळीला हात लावू देत नव्हतास आणि मी हट्ट सोडत नव्हते. शेवटी म्हणालास, "बगतो. फुडच्या गॅपला." माझ्याशी बोललेलं ते तुझं शेवटचं धड वाक्य. त्यानंतर नुसते मेसेज.

मेसेजमध्ये मला लिहिलंस की शिफ्ट बदललीय, म्हणून बसला दिसत नाही. घरी काकूंना सांगितलंस की ओव्हरटाइम आहे, कारेगावला कंपनीतल्या एका पोराच्या रूमवरच राहतो. बँडला सांगितलंस की घसा बसलाय, भेटायला येऊ नका, बोलायला लागतं. तीन ठिकाणी तीन थापा. आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो, दाद्या, एका फोनचं अंतर आहे, पण एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही, कारण प्रत्येकाला आपल्यापुरती थाप पटण्यासारखी होती. दहाव्याच्या मांडवात बसून आम्ही त्या तिन्ही जुळवल्या तेव्हा काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

ताप अंगावर काढलास. गोळ्या खाऊन ड्यूटीला गेलास, मग जाता येईना तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडून राहिलास. त्या रूमवरचा बिहारचा पोरगा दवाखान्याच्या जिन्यात मला सांगत होता आणि रडत होता. "दीदी, भैया बोले किसी को बताना नहीं, सब दौड़े चले आएँगे." शेवटी त्यानंच तुझं न ऐकता तुला रिक्षात घातलं. डेंग्यू आहे हे आम्हाला कळलं तेव्हा तू आयसीयूच्या काचेच्या आत होतास. आणि खरंच सगळे धावत आले. बाहेरच्या बाकड्यावर आम्ही एकमेकांना चिकटून बसलो होतो, काकू, आप्पा, बिरा, खंडू, जोसेफ, मी. कुणी गुदमरलं नाही. त्या गर्दीत कुणीही मेलं नाही. मेलास तो तू, एकटा पडून राहिलास म्हणून.

हे मला तुला तोंडावर सांगायचं होतं. तुझी ओळ खोटी होती, आणि ती खोटी आहे हे सिद्ध करायला तुला मरायची काही गरज नव्हती. मी नुसतं एक कडवं मागितलं होतं. मी हा वाद जिंकले, आणि असलं जिंकणं घेऊन मी काय करू, ते तूच सांग.

दहाव्याचं जेवण उरकल्यावर आम्ही चौघं फाट्यावर चहाला गेलो. समोर तुझा फेटेवाला फ्लेक्स. जोसेफ हातातला कप फिरवत राहिला आणि म्हणाला की पुण्यात एक मुलगा आहे, आवाज चांगला आहे, त्याच्याकडून तिसरं कडवं गाऊन घेऊ. शब्द मीच लिहावेत. म्हणजे गाणं पुरं होईल, दादासाठीच. नदीवर मीसुद्धा हेच कबूल करायला निघाले होते, पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी त्याला नाही नाही ते बोलले. फेटा बदलतो तसा माणूस बदलायला निघालास का, म्हणाले. फ्लेक्सवाला तुझ्यापेक्षा बरा, तो निदान डोकं तरी खऱ्या माणसाचं ठेवतो, म्हणाले. चहावाला बघायला लागला. बिरानं माझा हात धरून मला खाली बसवलं.

जोसेफनं सगळं ऐकून घेतलं. अंगठ्यानं नखावरचा काळा रंग खरवडत होता. मग शांतपणे म्हणाला, "वैशाली, तू ऐकणारी आहेस. आम्हाला कळत नाहीये. गाणं पुरं पाहिजे का नको, एवढंच सांग." माझ्या फोनमध्ये तुमच्या सगळ्या प्रॅक्टिस होत्या, पण तू गेल्यापासून त्यातली एकही उघडायची माझी छाती झाली नव्हती. सांगते, म्हणाले आणि निघून आले. नको म्हणावं तर तू अर्धवट राहतोस आणि हो म्हणावं तर तू कुणीतरी दुसराच होतोस. कंपनीत पार्ट तपासताना हेच डोक्यात. चांगले पार्ट मी रिजेक्टमध्ये टाकले.

मग आप्पांचा फोन आला. मला त्यांनी याआधी कधी फोन केला नव्हता. नमस्कार नाही, काही नाही. "त्याचं वरडणं हाय का तुझ्या फोनात?" मला वाटलं काकूंनी मागितलं असेल. मी आहे म्हणाले. शेडवर घेऊन ये, ते म्हणाले.

मी रविवारी गेले. नवी बॅच आली होती. पडदे सोडलेले, बल्ब लावलेले, आणि तुसावर पिवळी पिल्लं. दारात आप्पा भजनाचा स्पीकर पुसत उभे होते. पिल्लांना ऐकवायचंय, म्हणाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वय बघितलं नाही. म्हणाले, आप्पा, तो जिवंत होता तेव्हा तुम्ही त्याला या दारातून हाकललंत. पिल्लं असताना पाय टाकू नको म्हणालात, आणि त्यानं शेवटपर्यंत टाकला नाही. आता त्याचा आवाज आत नेऊन काय करणार?

आप्पा स्पीकरची वायर गुंडाळत राहिले. मला वाटलं चिडतील.

"हाकाललं, व्हय," ते म्हणाले. "तवा राग आला व्हता. पर पिल्लं आवाजानं न्हाई मेली, पोरी. सवय न्हवती म्हून मेली. पयल्या दिसापास्नं कानावर आसतं तर मान वर करून बगितलं नसतं त्यांनी. आमी लोक शेडात रेडू लावतो ते कशापायी? ह्ये त्याला सांगायचं व्हतं मला. रोज सांगीन म्हणायचो, आन् त्यो दारातनंच माघारी फिरायचा."

मी फोन काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांना तो लावता येईना म्हणून मीच लावला.

अगदी बारीक आवाजात. 'कोपरा', मागच्या गॅपमधली प्रॅक्टिस. आधी बिराच्या काठ्यांची टकटक, मग जोसेफचं सॉरी, मग तू. पहिलं कडवं, दुसरं कडवं. काही पिल्लांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. आप्पांनी आवाज किंचित वाढवला. भ्यालो म्हणून जवळ आलो, तू ओरडलास, आणि मी भिंत धरली. शेडमध्ये दचकलेली मी एकटीच होते. पिल्लं दाणे टिपत होती.

आणि मग तिसरं कडवं आलं. मी विसरूनच गेले होते. शब्द नव्हते म्हणून त्या दिवशी तू नुसती चाल धरण्यासाठी काहीतरी म्हणत होतास. तेच तेच, सगळ्या ताकदीनं, तुझ्या बोलण्यातल्या भाषेत, बिनइस्त्रीचं. "हितं कायतरी यील. हितं कायतरी यील." पुन्हा पुन्हा. शेवटी आवाज फाटला, खंडूचा बेस वर आला, आणि मागं कुठंतरी बादलीवर बसलेली मी हसत होते.

"ह्ये बरं म्हणलाय," आप्पा म्हणाले. "बाकीचं कळत न्हाई, पर ह्ये कळतंय." आणि पडदा सारखा करायच्या निमित्तानं पाठ फिरवून बराच वेळ उभे राहिले. तेव्हा मी रडले. दवाखान्यात रडले नव्हते, नदीवर रडले नव्हते. मोठ्यानं रडले. तू सांगितलं होतंस तसं.

तो तुकडा कापून जोसेफला पाठवला. त्यानं बऱ्याच वेळानं उत्तर दिलं, हेच ठेवू. पुण्याचा मुलगा येणार नाही. तिसऱ्या कडव्यात तूच आहेस, उत्तर न देता, पुढच्या गॅपचा वायदा करत. तू मला उत्तर दिलंस असं मी मुळीच समजणार नाही, दाद्या. तू टाळलंस. जन्मभर टाळलंस तसंच. पण टाळताना तरी तुझ्या तोंडच्या भाषेत टाळलंस, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि हे लिहितानासुद्धा माझे दात आवळलेले आहेत.

काल आप्पांचा पुन्हा फोन आला. आवाज रोज थोडा थोडा वाढवत आता पार मोठा केलाय, म्हणाले. सकाळ-संध्याकाळ लावतात. या बॅचला मरतूक नाहीच्या बरोबर. पिल्लं मान वर करत नाहीत, तुझ्या ओरडण्यातच पसरून झोपतात. "लागली सवय," ते समाधानानं म्हणाले, नदीवर तुझे मामा बोलले होते तशाच आवाजात.

बरं झालं, मी म्हणाले आणि फोन ठेवला. पिल्लांना लागू दे सवय. मला नाही लावून घ्यायची.